केळकर संग्रहालय आणि आमचा माळा

मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी एखादी खुर्ची आहे का हो, की जिच्यावर कधी कुणी बसलेलं तुम्हाला आठवतच नाही? आमच्याकडे आहे. चांगली शिसवी खुर्ची आहे, मामंजींच्या वेळची. पण एकदा अंगात घातलेले आणि धुवायला टाकण्याइतके न मळलेले सगळे कपडे तिच्यावर येऊन पडतात. ह्यांचा सदरा, मुलाची विजार, माझी शाळेत नेसून गेलेली साडी, वर मुलीची ओढणी. पाहुणे आले की तो सगळा ढीग उचलून आतल्या पलंगावर जातो आणि पाहुणे वळणावर दिसेनासे झाले की पुन्हा खुर्चीवर येतो. कपड्यांचाही फिरतीचा संसार!

खुर्चीचं एक झालं. बाकी घराची कथा काय सांगू? फ्रिजवर औषधांच्या पट्ट्या, खिडकीत बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर (कुठला कशाचा, ते आता कुणालाच ठाऊक नाही), ओट्याखाली श्रीखंडाचे रिकामे डबे, कपाटामागे पार्सलची खोकी, 'कधीतरी लागतील' म्हणून. त्यात मी अर्धा दिवस शाळेत शिकवायला जाते, म्हणजे तपासायच्या वह्यांचे गठ्ठे आलेच. ते जेवणाच्या टेबलावर असतात आणि आम्ही जमिनीवर बसून जेवतो.

पण मला आज सांगायचं आहे ते माळ्याबद्दल, आणि त्या माळ्यापायी आम्ही केलेल्या पुण्याच्या एका फेरीबद्दल.

आमचं घर साताऱ्याचं, जुनं. चार खोल्या आणि मधल्या खोलीवर लाकडी माळा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्या माळ्याला बिचकून आहे. शिडी लावून वर डोकावलं की पितळी घंगाळं, तांब्याचा बंब, डाग पडलेली परात, पायली-शेर-मापटी, लोखंडी ट्रंका, गोधड्यांची गाठोडी, आणि या सगळ्यावर पावसाळ्यातल्या ओलीचा तो एक वास. सासूबाईंना काही म्हणायची सोय नव्हती. त्या रागावत नाहीत, पण 'असू दे गं, खायला का मागतंय?' एवढं म्हणून विषय संपवतात.

गेल्या दिवाळीच्या आधी सासूबाई आठ दिवस वन्संकडे कोल्हापूरला गेल्या होत्या. माझ्या अंगात आवरण्याचं वारं शिरलं. (तुम्हालाही नवरात्र संपलं की ते शिरत असणार, खोटं बोलू नका!) मी शिडी लावली, तोंडाला फडकं बांधलं आणि दोन दिवसांत अर्धा माळा खाली उतरवला. गल्लीत भंगारवाला आलाच होता. एका पोत्यात मी बारीकसारीक मोड भरली. चेपलेले गडवे, बिनझाकणाचे डबे, दांडा निखळलेली झारी, काळपट पडलेल्या काय काय वस्तू. त्याने पोतं काट्याला लावलं, पैसे माझ्या हातावर ठेवले आणि निघून गेला. त्या पैशांत मी न्हाणीघरासाठी तीन खणांचा प्लॅस्टिकचा रॅक आणला, शाम्पूच्या बाटल्या ठेवायला.

सासूबाई परत आल्या, माळ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मोकळं झालं, बरं झालं." मी मनात म्हटलं, जिंकले.

नरक चतुर्दशीच्या पहाटे सगळ्यांची अभ्यंगस्नानं चालली होती. सासूबाई न्हाणीच्या दाराशी उभ्या राहून कोनाड्यात, मग त्या नव्या रॅकवर काहीतरी शोधत होत्या. मी विचारलं, "आई, काय हवंय?" तर म्हणाल्या, "काही नाही गं." आणि आत गेल्या. तेवढंच. पण ते 'काही नाही' माझ्या मनात कुसळासारखं राहिलं.

मे महिन्यात मुलीला शाळेतून सुट्टीचा प्रकल्प मिळाला, 'जुन्या काळातील घरगुती साधने'. माहितीसाठी ती मोबाइल धरून बसली. मीच म्हटलं, चल, तुला खरंच दाखवते. सासूबाईंना विचारलं, येता का? मला वाटलं, गुडघ्यांमुळे नाही म्हणतील. पण त्या चटकन तयार झाल्या. सकाळच्या एस.टी.ने निघालो. खंबाटकी ओलांडेपर्यंत मुलगी झोपली आणि शिरवळला सासूबाईंनी डब्यातली थालीपिठं काढली. स्वारगेटला उतरून रिक्षा केली, ती बाजीराव रस्त्याने शुक्रवार पेठेत. नातूबागेच्या गल्लीत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पुण्याला तुम्ही दहा वेळा गेला असाल, तुळशीबागेत वीस वेळा, पण इथे एकदाही गेला नसाल, तर माझ्याच पंगतीतल्या! मी बी.ए.ला इतिहास घेतला होता, तरी मीही कधी आत गेले नव्हते.

दिनकर गंगाधर केळकर (1896 ते 1990) हे मूळचे चष्म्याचे व्यावसायिक आणि कवी. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करायला सुरुवात केली. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी त्यांनी या संग्रहाला त्याचं नाव दिलं. पुढे हा सगळा ठेवा त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. राजवाड्यांतला जडजवाहीर जमवणारे खूप, पण केळकरांनी प्रामुख्याने जमवलं ते आपल्यासारख्यांच्या स्वयंपाकघरातलं, देवघरातलं, माजघरातलं. म्हणजे नेमकं तेच, जे मी पोत्यात भरलं होतं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतात त्या दारं-खिडक्यांच्या कोरीव चौकटी. मग दिवे. समया, लामणदिवे, हातात धरायचे, भिंतीला अडकवायचे, मोराचे, हत्तीचे. तेल घालायचं आणि वात लावायची, काम एवढंच. पण प्रत्येक कारागिराने त्या एवढ्याशा कामात आपलं काहीतरी घातलेलं. पुढे अडकित्ते. सुपारी कातरायलाच ते, पण कुठे घोडा, कुठे राघू, कुठे जोडपं. पानाचे डबे, कुंकवाचे करंडे, दौती, कुलपं, खेळणी, वाद्यं. आणि स्वयंपाकघरातली भांडी-साधनं बघताना तर सासूबाईंना थांबवता येईना. "हे बघ, हे आमच्या माहेरी होतं." "यात आई मेतकूट ठेवायची." "आणि ही खवणी पाहिलीस का? याच्यावर मांडी घालून बसायचं." शेजारी उभ्या असलेल्या दोन कॉलेजच्या मुली त्यांच्यामागून फिरायला लागल्या. भिंतीवरच्या पाटीपेक्षा सासूबाईंकडून जास्त कळत होतं ना!

कोथरूडचा मस्तानी महालही इथे आहे. त्याचे अवशेष आणून तो आत पुन्हा उभा केला आहे. मुलीने सिनेमातला महाल डोक्यात धरला होता, ती थोडी हिरमुसली. लाकडी खांब, झुंबरं, एक दिवाणखाना. मला तो आवडला, पण मी फार वेळ थांबले नाही.

माझ्या डोक्यात खरं म्हणजे वेगळंच चाललं होतं. हे संग्रहालय म्हणजे केळकरांचं घर. त्यांच्या पत्नी कमलाबाई याच घरात नांदल्या. नवरा रोज गावोगावहून काहीतरी घेऊन येतोय, कधी दार, कधी दिवा, कधी हंडा, आणि घरात त्या वस्तू वाढताहेत. त्यांनी या कामात नवऱ्याला साथ दिली म्हणून त्यांचं नाव आदराने घेतात, आणि ते योग्यच आहे. पण मला आपलं वाटत राहिलं, की त्या माउलीने डाळ-तांदळाचे डबे ठेवले असतील कुठे? पाहुणे आले की कुठला ढीग कुठे हलवला असेल? असले प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात येत नाहीत.

आणि एक गोष्ट मला तिथेच कळली. या संग्रहात 20,000 च्या वर वस्तू आहेत, पण एका वेळी मांडलेल्या असतात त्या 2,500 च्या आसपास. बाकी सगळं कोठारात. म्हणजे संग्रहालयालाही माळा आहे! फरक इतकाच, की त्यांच्या वस्तूंची नोंद असते. ही कुठली, कशाची, कशासाठी. आमच्या माळ्याची नोंद होती ती फक्त सासूबाईंच्या डोक्यात.

एका कपाटाशी सासूबाई थबकल्या. आत वज्री मांडल्या होत्या. आजच्या मुलींना वज्री म्हणजे काय ते सांगावं लागेल. न्हाताना टाचा आणि तळवे घासायची ती खरबरीत वस्तू, पितळेची नाहीतर भाजलेल्या मातीची. वर धरायला एखादा पक्षी नाहीतर प्राणी आणि काहींच्या आत बारीक खडे, घासताना खुळखुळ वाजावेत म्हणून. सासूबाई कितीतरी वेळ काचेशी उभ्या होत्या. मग मुलीला म्हणाल्या, "अशी आपल्याकडे होती. तुझ्या आजोबांच्या आईची. मोर होता वर, चोच तुटकी. मला तिने पहिल्या दिवाळीला दिली होती. पाय भेगाळले होते ना माझे, शेतातून आलेली मी."

मैत्रिणींनो, माझे पाय तिथेच खिळले. काळपट, चोच तुटलेलं, हाताएवढं काहीतरी मी पोत्यात टाकलं होतं. टाकताना ते वाजलं होतं. मला वाटलं होतं, काहीतरी सुटलंय म्हणून खुळखुळतंय.

बाहेर आल्यावर आम्ही सावलीत टेकलो. मुलगी वहीत चित्रं काढत होती. मी सांगून टाकलं. "आई, ती वज्री मी भंगारात दिली." त्या रस्त्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. दिवाळीतच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय ती परत येणार होती? तू काही चोरी केली नाहीस. तुला ठाऊक नव्हतं. आणि मी तरी कधी सांगितलं होतं तुला? माळ्यावर टाकायची आणि म्हणायचं, असू दे."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. त्यांनी पर्समधून आवळासुपारीची डबी काढली आणि मला दिली.

मग आम्ही तुळशीबागेत गेलो. हसू नका! दिवसभर वस्तूंचा ढीग बघून पुन्हा वस्तूंच्याच ढिगात शिरणं हे आपल्या जातीचं लक्षण. रामाचं दर्शन घेतलं आणि मग दुकानं. मुलीने क्लिपा घेतल्या, मी गाळणं घेतलं. (घरी तीन आहेत, त्यातली दोन कुठे आहेत हे माहीत नाही.) एका दुकानात मला मातीची वज्री दिसली, साधी, ना मोर ना खडे. मी न विचारता घेतली आणि पिशवीत टाकली.

साताऱ्याला आल्यावर आम्ही माळ्याला पुन्हा हात घातला, पण या वेळी वेगळ्या तऱ्हेने. लागोपाठ तीन रविवार लागले. मी वर, सासूबाई खाली खुर्चीवर (हो, त्याच शिसवी खुर्चीवर, कपडे हलवून) आणि मुलगी पेन्सिल घेऊन त्यांच्या पायाशी. मी एकेक वस्तू खाली द्यायची. सासूबाईंनी सांगायचं, हे काय, कुणाचं, कशाला वापरायचो. मुलीने ते चिठ्ठीवर लिहून वस्तूला दोऱ्याने बांधायचं. आणि जिच्याबद्दल सांगायला कुणाकडेच काही नाही, ती वस्तू दाराबाहेर.

मला वाटलं होतं, काहीच बाहेर जाणार नाही. झालं उलटंच. सासूबाईंनी माझ्यापेक्षा सढळ हाताने काढून टाकलं. "ही परात? ही तुझ्या मामंजींनी लिलावात आणली, मला कधीच आवडली नाही. दे देऊन." चाळीस वर्षं ती परात आम्ही त्यांची म्हणून सांभाळत होतो! आणि खरा पसारा निघाला तो आमचाच. मिक्सरचं खोकं, टीव्हीचं खोकं, त्यांतलं थर्माकोल, फुटक्या बादल्या, जुने पडदे, बंद पडलेले दोन पंखे, मुलांच्या पहिलीपासूनच्या वह्या. जुन्या वस्तूंनी माळ्याचा एक कोपरा अडवला होता, बाकीचे तीन कोपरे आमच्या 'असू दे'ने भरले होते. मी मात्र दिवाळीत नेमका तो एकच कोपरा साफ केला होता.

यातून काही गोष्टी मी शिकले, त्या सांगते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, शाईला ओल लागली की ती फुटते. चिकटपट्टी लावू नका, तिचा डाग पितळेवरून निघता निघत नाही, दोराच बरा. नक्षीच्या वस्तू राखेने किंवा घासणीने खसाखसा घासल्या तर नक्षी झिजते, चिंच किंवा लिंबू-मीठ लावून हलक्या हाताने चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरड्या फडक्याने पुसा. ओल्या ठेवल्या तर पुन्हा डाग पडतात. कल्हई गेलेल्या पितळी भांड्यात ताक, आमटी, आंबट काही घालू नका, कळकतं. आमच्या दोन पातेल्यांना कल्हई करून घेतली, आता भात त्यातच शिजतो. गोधड्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ठेवल्या होत्या, त्यांना आतून बुरशी आली होती. त्या जुन्या सुती साडीत बांधून ठेवायच्या आणि पावसाळा सरला की एकदा कडक उन्हात उलगडायच्या.

आणि संग्रहालयासारखंच, सगळं एकदम मांडायचं नाही. एक समई, एक पंचपाळं आणि पायली-शेराची मापं एवढंच आम्ही खाली आणलं. मापांत मी आता चमचे, उलथनी आणि (तुम्ही हसाल) चार्जर ठेवते. प्रत्येक चार्जरलाही चिठ्ठी बांधली आहे. ज्यांना मालक सापडला नाही, ते गेले.

खुर्चीचा प्रश्न सोडवला तो सासूबाईंनी. म्हणाल्या, "तिथे त्या जुन्या घरांच्या भिंती आठवत होत्या मला. खुंट्या असायच्या, दांडी असायची. कोनाड्यात दिवा, फडताळात डबे, शिंक्यावर दूध. वस्तू कमी आणि जागा ठरलेली. तुमच्याकडे वस्तू शंभर आणि जागा एकच, खुर्ची!" म्हणून सुताराकडून दारामागे पाच लाकडी खुंट्या मारून घेतल्या, माणशी एक. एकदा घातलेला कपडा आपल्या खुंटीवर. खुंटी भरली की धुवायला टाकायचा. ह्यांची खुंटी बहुतेक वेळा भरलेलीच असते, पण निदान ती ह्यांचीच आहे, हे आता सगळ्यांना दिसतं. खुर्चीवर सध्या वर्तमानपत्रं साठताहेत. त्याचं काय करायचं ते बघते आहे.

मातीची वज्री मी न्हाणीच्या कोनाड्यात ठेवली, रॅकवर नाही. मुलीने विचारलं, "आजी, हिच्या चिठ्ठीवर काय लिहू?" सासूबाई म्हणाल्या, "लिही, सुनेने घेतली, तुळशीबागेतून. आणि वर्ष घाल." पाण्यात चिठ्ठी टिकणार नाही म्हणून ती मुलीने कोनाड्याच्या वर भिंतीला खिळ्याने अडकवली आहे.

आता राहिला तांब्याचा बंब. त्याची नळी गळते आणि बूड काळं ठिक्कर आहे. हे म्हणतात, चांगला भाव येईल, विकून टाकू. सासूबाई म्हणतात, पुण्याला कसब्यात तांबट आळी आहे, तिथे दाखवू. तांब्याची भांडी ठोकून घडवणारे, मठारकाम करणारे कारागीर तिथे पिढ्यान् पिढ्या आहेत, ते दुरुस्त करून देतील. मुलगी म्हणते, त्यात झाड लावू. मी अजून कुणाच्याच बाजूने बोललेले नाही. बंब माळ्यावर आहे, चिठ्ठी बांधून.